डिंभे पाणलोट: लाल ठिपक्यांवर किती भरवसा ठेवायचा?

कंटूर:
पुणे जिल्ह्यातल्या डिंभे धरणाच्या पाणलोटात माती अडवायच्या चर-बांधांची कामं आधी कुठे घ्यायची? माझं मत स्पष्ट आहे: आधी नकाशा, मग कुदळ. नकाशे करायचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस फुकट, ३० मीटरच्या चौकोनांत जमिनीची उंची देणारं मॉडेल फुकट, सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची चित्रं फुकट. पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी नि चढ, झाडोरा आणि बांधबंदिस्ती हे पाच घटक गुणले ('रुसल' समीकरण), की हेक्टरी वर्षाला किती टन माती सुटू शकते ते चौकोनागणिक कळतं. जास्त धुपीचे चौकोन नकाशावर लाल करायचे. जिथे लाल, तिथे पहिला पैसा. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याच्या रानात काम होतं.

आहुप्याकडचा:
तुमचा लाल रंग म्हणजे आमची भातखाचरं आहेत. ३० मीटरचा चौकोन म्हणजे ९०० चौरस मीटर. तेवढ्यात आमची तीन-चार खाचरं बसतात, प्रत्येकाला दगडी ताल, म्हणजे बांध. पडकईनं, म्हणजे एकमेकांच्या रानात सगळ्यांनी राबून, ती घडवलेली आहेत. तुमच्या मॉडेलला पायऱ्या दिसत नाहीत, नुसता डोंगरउतार दिसतो. वर बांधबंदिस्तीचा आकडा बरेच जण १ धरतात. १ म्हणजे बांध नाहीतच! पिढ्यांची मेहनत एका आकड्यात पुसली.

कंटूर:
हे मान्य. पण खाचरं चित्रावरून हातानं आखून तिथे वेगळा आकडा देता येतो. आणि वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीचं काय? नाचणी-वरईसाठी उभा उतार उकरतात, जूनच्या पहिल्या सरी उघड्या मातीवर पडतात. खरी धूप तिथे आहे.

आहुप्याकडचा:
ती उघडी माती तुमच्या चित्रात येते तरी का? जून ते सप्टेंबर ढग. मग तुम्ही निवडता उन्हाळ्यातलं चित्र, ज्यात वाळलेलं गवतही उघडी जमीन म्हणून मोजलं जातं. शिवाय वरकस काही वर्षं पिकवून पड टाकतात. यंदाचा लाल तुकडा पुढच्या वर्षी गवताखाली असेल.

गाळमोजणी:
धरणांच्या गाळाच्या सर्वेक्षणावर काम केलंय, म्हणून बोलतो. हे समीकरण पृष्ठभागावरून पसरून जाणारी आणि बारीक ओघळींतली धूपच मोजतं. मोठ्या घळी नाहीत, काठ ढासळणं नाही, दरडी नाहीत. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला तो याच पाणलोटात, आणि या समीकरणात त्याला जागाच नाही. ते ज्या नमुना-वाफ्यावर बेतलंय तो २२.१ मीटर लांब, ९ टक्के उताराचा, तोही अमेरिकी शेतांवरून ठरलेला. सह्याद्रीच्या कड्याला लावला की टन अवाच्या सवा फुगतात. त्यात सुटलेली सगळी माती धरणात जात नाही. बरीच खाचरात, पायथ्याला अडते. टन छापू नका, कुठली ओढ्याची खोरी आधी घ्यायची एवढा क्रम सांगा.

कंटूर:
टन काढून टाकतो, क्रम ठेवतो. दरडींसाठी वेगळा नकाशा लागेल, हेही खरं. आहुप्याकडच्या दादा, येत्या जूनच्या पहिल्या आठवड्यात कुठे-कुठे वरकस उकरली ते फोनच्या जीपीएसवर, कडेनं चालत आखून द्याल?

आहुप्याकडचा:
देऊ. पण तुमचा लाल पट्टा खाचरांवर आला, तर पैसा पडकईला, ताली दुरुस्त करायला. जेसीबीनं चर नकोत. हे आधी मान्य करा, मग चालायला लागतो.