नवा टर्किश टॉवेल पाणीच टिपत नाही, काय करू?

पेठेतली_लेक:
नमस्कार. आईकडं एक टर्किश टॉवेल आहे, माझ्या लग्नात सोलापूरच्या नवी पेठेतल्या जुन्या दुकानातनं घेतलेला, १४ वर्षं झाली, कडा विरल्यात पण अजून एकदा फिरवला की अंग कोरडं. म्हणून बाळंतपणाला आलेल्या बहिणीसाठी तसलेच चार आणले, जाड, मऊ, रंग पण छान, पण पाणी टिपतच नाहीत ओ, नुसतं अंगावरनं सरकतंय. दोनदा धुतले, दुसऱ्यांदा सॉफ्टनर पण घातलं. बाळाला पुसायचंय म्हणून जीवाला लागलंय. पॉलिस्टर असेल का?

साखरपेठ_कारखाना:
ताई, सॉफ्टनर आधी बंद करा. आमच्या घरी टॉवेलचे माग होते, लहानपणापासनं बघत आलोय. टॉवेलला उभ्या धाग्याचे दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले रूळ, असतात, एक ताणलेला आणि एक सैल, दोन-तीन आडवे धागे पडले की फणी एकदम पुढं ठोकते आणि सैल धाग्याची कडी वर येते. पाणी टिपतात त्या कड्या. दुकानात मऊ लागावा म्हणून नव्या मालाला आधीच सॉफ्टनर दिलेलं असतं, त्याचा थर सुतावर बसतो, तुम्ही वरनं अजून एक थर चढवलात. कडक गरम पाण्यात, नेहमीच्या निम्मी पावडर घालून तीन-चार वेळा धुवा, मग बघा. इस्त्री नको, कड्या दबतात. आणि कडी ओढली गेली तर ओढू नका, कात्रीनं कापा, टॉवेल उसवत नाही.

विजापूर_रोड:
पॉलिस्टरचं सोपं आहे, कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती असेल तर कागदासारखा जळतो, राख बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळून काळा टणक मणी होतो. पण कडीचा आणि खालच्या विणीचा असे दोन्ही धागे बघा, कधी कधी कडी सुती आणि खाली मिक्स असतं. आपल्या सोलापूरच्या चादरीला आणि टेरी म्हणजे टर्किश टॉवेलला दोन्हीला जीआय, म्हणजे त्या गावचाच माल असल्याचं सरकारी मानांकन, आहे, तरी बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून खपवतात याचं फार वाईट वाटतं, तेव्हा घेताना विचारायला लाजू नका.

अक्का_७०फूट:
बोअरचं पाणी आहे का तुमच्याकडं? आमच्याकडं होतं, त्या जड पाण्यात साबणाचा चिकटा धाग्यात बसतो आणि टॉवेल पापडासारखा होतो. मी शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घालते, पावडर न घालता. ब्लीचबरोबर मात्र कधीच घालू नका, विषारी वायू होतो. आणि बाळाला सध्या टॉवेल कशाला गं, आईचं जुनं सुती लुगडं असेल तर फाडून चौकोनी तुकडे कर, कितीही धुतले तरी अजून मऊच होतात, आमची दोन्ही नातवंडं त्यातच वाढली.

पेठेतली_लेक:
धागे जाळून बघितले, दोन्हींची राखच झाली, म्हणजे सुतीच आहेत, जीव भांड्यात पडला. पाणी बोअरचंच आहे अक्का. काल कडक पाण्यात धुवून शेवटी व्हिनेगर घातला, आज थेंब टाकला तर आधी मोत्यासारखा वर बसायचा तो हळूहळू का होईना आत गेला. अजून दोनदा धुते. आईनं तोवर लुगड्याचे सहा तुकडे करून ठेवलेत.