फायलॉइड्सची गाठ काढल्यावर सिकाई हवीच का?

रामबागकर
धाकटी बहीण, वय ४१. डाव्या स्तनातली लिंबाएवढी गाठ तीन महिन्यांत मोसंबीएवढी झाली. काढली, रिपोर्ट आला मॅलिग्नंट फायलॉइड्स, म्हणजे स्तनातली कर्करोगाची एक दुर्मीळ गाठ. स्तनाच्या गाठींत शंभरात एकसुद्धा नसते अशी. आता पाच आठवडे रेडिएशन, म्हणजे आपल्या इंदुरी भाषेत सिकाई, घ्या म्हणतात. मला पटत नाही. अमेरिकेतल्या ३,१२० रुग्णांच्या नोंदी तपासून २०१४ साली निष्कर्ष आला, सिकाईने आयुष्य वाढत नाही. मग रोज भर उन्हात तिला फरफटायचं कशाला?

पलासियाची ताई
दादा, अर्धंच वाचलंत. त्याच नोंदींत, गाठ त्याच जागी पुन्हा उगवण्याचा धोका सिकाईने निम्म्याहून कमी झालाय. माझ्या मामेसासूबाईंची सिकाई राहिली, दोन वर्षांत गाठ परत, मग अख्खा स्तन काढला. जिवंत आहेत, म्हणजे तुमच्या हिशेबात काही बिघडलंच नाही!

रामबागकर
एका मामेसासूवरून काय ठरतं? आणि तुम्ही आता २००९चा अभ्यास काढाल. ४६ बायका, कडा साफ करून (म्हणजे गाठीभोवतीचा थोडा निरोगी भागही काढून) सिकाई, निम्म्याजणींवर ५६ महिने किंवा जास्त लक्ष ठेवलं, एकीचीही गाठ त्या जागी परतली नाही. छान. पण सिकाई न घेतलेला गट शेजारी नव्हताच. आणि दोघी रोग अंगात पसरून गेल्याच की. हा रोग रक्तातून फुप्फुसात जातो, तिथे छातीवरची सिकाई काय करणार?

मशीनवाला
मी सिकाईच्या मशीनवर काम करतो. डाव्या बाजूला हृदयाची भीती असते खरी, म्हणून आम्ही श्वास भरून रोखायला लावतो, हृदय जरा लांब सरकतं. पण मुद्दा वेगळाच आहे. कडा साफ म्हणजे किती? सर्जन सेंटीमीटरभर मागतात. रिपोर्टात मिलिमीटर लिहिलेले असतात, बघा.

रामबागकर
काढून बघितला. तीन बाजूंना दीड सेंटीमीटर, मागच्या बाजूला २ मिमी. मग तिथेच आणखी कापा ना! सिकाईचं नंतर बघू.

पलासियाची ताई
मागची बाजू म्हणजे छातीचा स्नायू. तिथे कापायला किती जागा आहे, ते आधी सर्जनला विचारा. आणि बहीण काय म्हणते? पहिल्यापासून तुम्हीच बोलताय.

रामबागकर
ती विचारतेय, सिकाईसाठी छातीवर आखतात त्या निशाण्या पुसू नयेत म्हणून ब्लाउज कसला घालू.

पलासियाची ताई
जुना सुती, सैल. पुढून उघडणारा.