विनोदी मालिका रोज हवी की आठवड्यातून एकदा?

शेवंती

मराठीत आता चांगल्या विनोदी मालिका होत नाहीत, कारण लिहिणारेच उरले नाहीत, असं सर्रास बोललं जातं. मला ते अजिबात पटत नाही. लिहिणारे आहेत, पण आपण त्यांना रोजचा रतीब घालायला लावलंय. माझं म्हणणं असं की विनोदी मालिका आठवड्यातून एकदाच असावी आणि ती कुठे थांबणार हे सुरू होतानाच ठरलेलं असावं.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवा. २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या सदरावर बेतलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या. पाच माणसं आणि एक मध्यमवर्गीय घर, एवढाच पसारा. कट नाही, कारस्थान नाही, कुणाचा पुनर्जन्म नाही. आठवड्याला एक भाग यायचा, त्यात एकच लहानशी गोष्ट असायची आणि ती त्याच भागात संपायची. मालिका सुरू झाली तेव्हा आबांचं काम करणारे प्रभावळकर साठीच्या आत होते, पण त्यांचं बसणं, उठणं, वाक्याच्या मधेच थांबणं सगळं म्हाताऱ्या माणसाचं होतं. असं काम पानं हातात पडल्यावर अर्ध्या तासात होत नाही.

आता दुसरं टोक. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' २८ जुलै २००८ ला सुरू झाली, चार हजारांच्या वर भाग झाले, अजून चालूच आहे. तारक मेहतांचं मूळ गुजराती सदर १९७१ पासून 'चित्रलेखा'त यायचं, आणि 'चित्रलेखा' हे साप्ताहिक. म्हणजे ज्या लेखकाच्या जिवावर ही मालिका उभी आहे, त्याने स्वतः आठवड्याला एकदाच लिहिलं! आज त्यातला कोणताही भाग लावा. एक पात्र एक वाक्य बोलतं. मग समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाचा चेहरा एकेक करून दिसतो, प्रत्येक चेहऱ्यावर वेगळा आवाज. बोलणं पाच सेकंदांचं, चेहरे अर्धा मिनिट. वेळ भरून काढायची ही पद्धत आहे, आणि ती दिग्दर्शकाला हौस म्हणून आलेली नाही. रोज बावीसएक मिनिटं भरायची असली की दुसरं काय करणार?

कॅमेऱ्यामागचा

पूर्णपणे असहमत. मी मालिकांच्या दिग्दर्शन विभागात काम करतो, म्हणून हिशोबाची बाजू सांगतो.

सेट उभा करायला लागणारा पैसा एकदाच जातो, पण जागेचं भाडं, लाइट, जनरेटर आणि माणसं रोजची असतात. सेट उभा राहिला की त्यावर जितके जास्त भाग निघतील तितका एका भागाचा खर्च उतरतो. आठवड्याला एकच भाग करायचा तर सेट बाकीचे दिवस नुसता उभा, किंवा दर वेळी पाडा आणि पुन्हा बांधा. साप्ताहिक मालिका बंद झाल्या त्या कुणाच्या दुष्टपणामुळे नाहीत. जाहिरातदाराला रोज त्याच वेळेला तोच प्रेक्षक हवा असतो.

आणि त्या रोजच्या मालिकेवर किती घरं चालतात याचा विचार कुणी करतं का? स्पॉटदादा, लाइटमन, मेकअप, हेअर, कपडेपट, आर्ट, साउंड, एडिट. यातले बहुतेक 'पर डे'वर, म्हणजे रोजंदारीवर. बारा तासांची शिफ्ट आणि पैसे हातात पडतात तीन महिन्यांनी. महिन्यात चार-पाच दिवस काम मिळालं तर या माणसाने गोरेगाव-नायगावात भाडं कसं भरायचं? तुम्ही म्हणता तो दर्जा मलाही हवाय, पण त्याची किंमत सगळ्यात खालच्या माणसाने मोजावी हे मला मान्य नाही.

आणखी एक. रोजची मालिकासुद्धा चांगली होते. 'दिल दोस्ती दुनियादारी' (झी मराठी, २०१५) सोमवार ते शनिवार यायची. 'माजघर' नावाच्या एका फ्लॅटमध्ये सहा जण. सासू-सून नाही, लग्न नाही, रात्री साडेदहाची वेळ. वर्षभरात ती संपली, आणि लोक हळहळत असताना संपली. तुमच्या मापाने ती व्हायलाच नको होती.

शेवंती

'दिल दोस्ती' माझीही आवडती. (तिच्यातली रेश्मा म्हणजे सखी गोखले, टिपऱ्यांच्या श्यामलाची, म्हणजे शुभांगी गोखल्यांची मुलगी. दोन पिढ्यांनी दोन चांगल्या विनोदी मालिका दिल्या याचा मला फार आनंद आहे.) पण ती वर्षात थांबली हे तुम्हीच लिहिलंत. माझ्या म्हणण्याचा अर्धा भाग तोच आहे. २०१७ मध्ये तेच कलाकार घेऊन 'दिल दोस्ती दोबारा' काढली, ती पहिलीसारखी धरली नाही. वाहिनीला चांगली गोष्ट संपू देणं का जमत नाही?

दादरची लेक

मला 'तारक मेहता'च्या बाजूने बोलायचंय, कारण इथे तिचं नाव निघालं की सगळे नाक मुरडतात.

माझ्या सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे आहे. संध्याकाळी त्यांना जेठालाल लागतोच. नवा भाग, जुना भाग, काही फरक पडत नाही. त्यांना गोष्ट नको असते, ती माणसं हवी असतात. घरातले सगळे कामावर गेलेले असतात, फोन कुणाचा येत नाही, तेव्हा गोकुळधाममध्ये कुणीतरी कुणाच्या दारात उभं राहून भांडत असतं आणि ते भांडण त्याच संध्याकाळी मिटतं. आठवड्यातून एकदा येऊन ही सोबत कशी व्हायची? दयाचं काम करणाऱ्या दिशा वकानी २०१७ पासून मालिकेत नाहीत, तरी सासूबाई अजून विचारतात, दया माहेराहून कधी येणार गं. विनोदाचा दर्जा हे एकच माप लावू नका.

आणि आत्माराम तुकाराम भिडे! हिंदीतल्या एका मालिकेत रत्नागिरीचा शिकवण्या घेणारा मास्तर, सोसायटीचा एकमेव सेक्रेटरी, 'सखाराम' नावाची स्कूटर आणि लोणची-पापड करणारी माधवी. मंदार चांदवडकरांनी तो इतकी वर्षं एका सुरात निभावलाय. हे सोपं काम नाही.

बोरकर

भिडेचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण त्याचं काय करून ठेवलंय तेही पाहा ना. सुरुवातीला भिडे हा मानी माणूस होता. शिकवणीची फी वाढवायला संकोचणारा, पण तत्त्वाला पक्का. आता त्याच्यात उरलंय काय? चिकटपणा आणि 'हमारे जमाने में'. चांदवडकरांचा यात काही दोष नाही. रोज लिहायचं म्हटलं की लेखक माणसाचा सगळ्यात ठळक गुण पकडतो आणि बाकीचा माणूस सोडून देतो. मराठी माणूस हिंदीत दिसतो याचा आनंद मलाही आहे, पण तो अख्खा दिसावा.

याउलट 'साराभाई व्हर्सेस साराभाई' बघा. २००४ मध्ये स्टार वनवर आली, आठवड्याला एक भाग, दोनेक वर्षांत सत्तरच्या आसपास भाग आणि बंद. आतिश कपाडियांचं लेखन, देवेन भोजानींचं दिग्दर्शन. सासू माया सून मोनिषाला 'मिडल क्लास' म्हणून टोचते, हे त्यातलं रोजचंच. पण दर वेळी टोचायचं कारण वेगळं असतं, आणि दर वेळी मोनिषा तितक्याच निरागसपणे घासाघीस करून आणलेली एखादी स्वस्त वस्तू अभिमानाने दाखवते. मायाचा नवरा इंद्रवदन तेल ओततो आणि आपला सुमीत राघवन, म्हणजे मुलगा साहिल, दोघींच्या मधे मान वळवत राहतो. एकच वाक्य सत्तर भाग टिकलं, कारण त्याच्या आजूबाजूला प्रत्येक वेळी नवा प्रसंग रचलेला होता.

कॅमेऱ्यामागचा

बोरकर, 'साराभाई' पहिल्यांदा दाखवली गेली तेव्हा तिला टीआरपी नव्हता. लोकांनी डोक्यावर घेतली ती नंतर, पुन्हा पुन्हा दाखवली गेल्यावर आणि इंटरनेटवर. तोवर युनिट कुठल्या कुठे पांगलं होतं. नंतरच्या कौतुकातून लाइटमनला एक दिवसही मिळत नाही.

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत राहते, म्हणून इकडचं थोडं. तुम्ही दोघंही वारांचा हिशोब घालताय. मला वाटतं खरा प्रश्न लेखक किती आणि त्यांना मिळतं काय हा आहे.

'फ्रेंड्स' दहा वर्षं चालली, १९९४ ते २००४, एकूण २३६ भाग. आठवड्याला एक, तोही वर्षातले काही महिने. तरी लिहायला एक माणूस नसायचा, खोलीभर लेखक असायचे. चित्रीकरण प्रेक्षकांसमोर व्हायचं, आणि एखाद्या वाक्याला लोक हसले नाहीत तर लेखक तिथल्या तिथे जमून दुसरं वाक्य द्यायचे, की पुन्हा शूट. आपल्याकडे रोजच्या मालिकेला एक कथा, एक पटकथा आणि एक संवाद लिहिणारा असतो, आणि कित्येकदा ही दोनच माणसं असतात.

इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मालिका-सिनेमांच्या लेखकांनी २०२३ मध्ये २ मे पासून १४८ दिवस संप केला. मागण्यांमध्ये एक मागणी अशी होती की लेखकांची खोली आकसू नये. शेवटी किती भागांना किमान किती लेखक ठेवायचे हे करारात आलं. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन लेखकाचा रॉयल्टीचा हक्क मान्य झाला. कॅमेऱ्यामागचा म्हणतात तसं नंतरच्या कौतुकातून युनिटला काही मिळत नसेल, तर किमान लिहिणाऱ्याला तरी पुन:प्रक्षेपणाचे पैसे मिळायला हवेत. ते मिळाले तर तो वर्षाला सव्वीस भाग लिहूनही जगेल. आज त्याला जगायला तीनशे लिहावे लागतात.

उलट ब्रिटनमध्ये 'फॉल्टी टॉवर्स'चे फक्त बारा भाग आहेत. १९७५ मध्ये सहा, १९७९ मध्ये सहा. लिहिणारे दोघंच, जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ. थोडे लेखक हवे असतील तर भागही थोडे ठेवा. कमी लेखक आणि जास्त भाग, हे गणित कुठल्याच देशात सुटलेलं नाही.

एकांकिकावाला

थोडं वेगळं मत. मला वाटतं मराठी विनोदाचं घर मालिका नाहीच, प्रहसन आहे. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ पासून सोनी मराठीवर जोरात आहे. सचिन गोस्वामी, सचिन मोटे यांनी ती उभी केली. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर अशी मंडळी स्वतः लिहितात आणि स्वतः करतात. ही माणसं रंगमंचावर घडलेली आहेत. सोन्यासारखा वग आणि बतावणी आपल्याकडे आधीपासून होती. दहा मिनिटांत माणूस उभा करायचा, हसवायचा आणि निघायचं, हे आपल्या रक्तात आहे. पाच माणसं, एक सोफा आणि अर्धा तास हा साचा बाहेरून आला. तो इथे रुजला नाही म्हणून रडायचं कशाला?

शेवंती

साचा बाहेरचा? चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ कुठल्या देशातून आले? तीच माणसं, तेच घर, दर कथेत नवा घोळ. बडोद्याच्या दप्तरखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाने दूरदर्शन यायच्या कितीतरी आधी हे लिहून ठेवलं होतं. मुंबई दूरदर्शनला सत्तरच्या दशकात नवं काही शोधावं लागलं नाही. प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले आणि मालिका घराघरात गेली. 'श्रीमान श्रीमती' हिंदीत गाजली, तिचे लेखक अशोक पाटोळे आपले मराठी नाटककार. अधिकारी बंधूंनी ती काढली, आणि आज 'तारक मेहता' जिथे चालते ती सब वाहिनीही मुळात त्यांचीच. हा साचा आपण नुसता घेतला नाही, हिंदीला घडवून दिला.

'हास्यजत्रा' मीही न चुकता बघते आणि त्या मंडळींविषयी मला आदर आहे. पण प्रहसनात माणूस दर वेळी नव्याने सुरू होतो. आज इन्स्पेक्टर, उद्या नवरा. त्याला काल काय झालं ते आठवत नाही. शेखर टिपरे आणि आबांमधलं न बोललेलं काहीतरी दहा भागांनंतर एका वाक्यात बाहेर येतं तेव्हा हसूही येतं आणि घसा दाटतो. ते दहा मिनिटांत होणार नाही, आणि मला तेच हवंय.

एकांकिकावाला

चिमणरावांचा मुद्दा मान्य. पण तुम्ही प्रहसनाला कमी लेखताय हे मला खटकतं. 'हास्यजत्रा'तली काही जोडपी, काही कुटुंबं पुन्हा पुन्हा येतात आणि लोक त्यांची वाट बघतात. त्यांना मागचं आठवतं आणि प्रेक्षकालाही आठवतं. मालिका तिथूनच उगवेल. वाहिनीने त्यातलं एक घर उचलून वेगळं काढावं.

दादरची लेक

हे मला आवडलं. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, शनिवार-रविवार दिलं तर बघेन, पण जेठालालची वेळ सोडून.

कॅमेऱ्यामागचा

ठीक आहे, हिशोबच करू. सव्वीस भाग, सलग दोन-अडीच महिन्यांत चित्रीकरण, मग सेट उतरवायचा. युनिटला तेवढे महिने पूर्ण काम मिळतं, म्हणजे माझा मोठा आक्षेप निघाला. पण यासाठी सगळे भाग आधी लिहून हवेत. आज काय होतं? नऊची शिफ्ट असते आणि सीनची पानं साडेआठला व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. नट मेकअपच्या खुर्चीत बसून पाठ करतो. विनोदी सीनला निदान दोन तालमी लागतात, तिथे एक वाचन होतं आणि 'टेक'. लेखकाला सेट लागायच्या आधी सहा महिने पगार द्यायला कोणता निर्माता तयार आहे? एकही प्रक्षेपण झालेलं नसताना? वाहिनी तर पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, बघितल्याशिवाय पुढचं बोलतही नाही.

हडसनकाठी

त्या सहा महिन्यांचे पैसे वाहिनीनेच द्यायचे. निर्मात्याच्या खिशातून लिखाण करून घ्यायचं आणि नाकारलं तर त्याच्यावर टाकायचं, ही पद्धत मोडल्याशिवाय सव्वीस काय, सहा भागही नीट होणार नाहीत.

कॅमेऱ्यामागचा

वाहिनी देणार नाही. मागच्याच वर्षी एका विनोदी मालिकेचे बारा भाग आम्ही लिहून घेतले होते. सादरीकरण झालं, सगळे हसले, आणि विचारलं की यात एक लग्न घालता येईल का.

शेवंती

मग ते बारा भाग आहेत कुठे? हक्क कुणाकडे आहेत, लेखकाकडे की निर्मात्याकडे? लेखकाकडे असतील तर मला त्यांच्याशी बोलायचंय. आमच्या मंडळाकडे सभागृह आहे. आधी लोकांसमोर वाचन करू.