सत्तरच्या दशकातल्या कौटुंबिक चित्रपटाची १६ मिमी प्रिंट: घेण्याआधी काय तपासावं?

रीळवेडा:
१९७० च्या दशकातला, आता कुणाच्या फारसा लक्षात नसलेला एक कौटुंबिक चित्रपट. १६ मिमी रंगीत प्रिंट, तीन रिळं, मूळ लांबी १०० मिनिटं. डीव्हीडी कधी निघालीच नाही. विकणारा म्हणतो, रंग चांगले आहेत. काय काय बघू?

डबेवाचक:
पहिल्यांदा वास. डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा आला तर अ‍ॅसिटेट बेस, म्हणजे फिल्मचा प्लास्टिकचा पाया, कुजायला लागलाय. सुटलेलं आम्ल डब्यात कोंडलं की कुजणं आणखी वाढतं, शेजारची रिळंही बाधतात. नुसत्या नाकावर विसंबू नका, दिवसभर ए-डी पट्टी (आम्ल लागलं की रंग बदलणारी कागदी पट्टी) आत ठेवा. निळी राहिली तर उत्तम, हिरवट झाली तर सुरुवात झालीय, पिवळी झाली तर नाद सोडा.

मग आकुंचन. फिल्म सपाट पसरून काठावरच्या एका छिद्राच्या कडेपासून पुढच्या शंभराव्या छिद्राच्या त्याच कडेपर्यंत मोजा. ताज्या प्रिंटवर ७६२ मिमी भरतं. ७५६ च्या खाली असेल तर प्रोजेक्टरवर चढवू नका. फिल्म ओढणारा पंजा छिद्रात नीट बसत नाही आणि छिद्रं फाटत जातात.

गुलाबीछटा:
'रंग चांगले' यावर अजिबात जाऊ नका. त्या काळच्या ईस्टमनकलरमधला (कोडॅकची रंगीत फिल्म) सायन, म्हणजे निळा-हिरवा रंग अंधारात ठेवूनही उडतो, मागे उरते गुलाबी-लाल छटा. रिळाच्या मधल्या भागाचा, पांढऱ्या उजेडावर धरून काढलेला फोटो मागवा. फ्रेममध्ये आकाश किंवा झाडं हवीत, चेहरे फसवतात. कडेला 'एलपीपी' (कोडॅकची कमी उडणाऱ्या रंगांची फिल्म) छापलेलं असेल तर प्रिंट १९८० च्या दशकातली किंवा नंतरची, रंग टिकलेले असण्याची शक्यता भरपूर. कोडॅकची चौकोन-त्रिकोणाची वर्षखूण मात्र २० वर्षांनी पुन्हा येते, नुसत्या तिच्यावरून साल ठरवू नका.

डबेवाचक:
लांबीचं राहिलं. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाला मिनिटाला ३६ फूट, म्हणजे १०० मिनिटांचे ३६०० फूट हवेत. ३३०० भरले तर आठेक मिनिटं गायब. टीव्हीसाठी कापलेली प्रिंट असेल, नाहीतर रिळांची टोकं तुटत गेली असतील. जोड कुठे आहेत ते बोटाने चाचपून बघा.

रीळवेडा:
आणि गुलाबी निघाली तर सोडूनच द्यायची?

चौकट:
नाही! या चित्रपटांचं मोल तिथेच आहे. गाण्यांचे हक्क अडकलेले असतात, मूळ निगेटिव्ह सापडत नाही, टीव्हीवर दाखवलेली आवृत्ती कापलेली असते. अशा वेळी पूर्ण लांबीची गुलाबी प्रिंटसुद्धा दृश्यांचा क्रम आणि ध्वनिपट जपून ठेवते. सायन थोडा जरी शिल्लक असेल तरी स्कॅन करून रंग बऱ्यापैकी सावरता येतात. मात्र प्रिंट विकत घेतली म्हणजे हक्क मिळाले असं नाही, जाहीर खेळाला परवानगी लागतेच.