आटत नाही हो, अडतं
वर दोघीतिघींनी लिहिलंय की टेन्शन घेतलं की दूध आटतं म्हणून आईने खूश राहावं. अर्धं पटलं. दूध तयार होतं प्रोलॅक्टिन या हार्मोनमुळे आणि बाहेर येतं ऑक्सिटोसिन या दुसऱ्या हार्मोनमुळे, आणि टेन्शनचा दणका आधी बसतो तो या दुसऱ्याला, म्हणजे दूध असतं पण उतरत नाही. मग ते नीट रिकामं झालं नाही की काही दिवसांत खरंच कमी व्हायला लागतं, आणि सगळे म्हणतात बघ आटलं! माझा मुलगा ३१व्या आठवड्यात झाला, एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या आयसीयूत) होता, पहिले दोन दिवस दूध काढायच्या पंपावर अर्धा तास बसून जेमतेम २ मिली, ते पण सिरिंजमध्ये ओढून घ्यायचं, त्यात दारात सासूबाई 'आलं का गं?' विचारायला उभ्या. येणार कसं?

फरक पडला तो कांगारू केअर सुरू झाल्यावर. तासभर बाळ छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून, आणि तिथून उठल्या उठल्या पंप. बाकी दिवसरात्र मिळून आठ वेळा काढायचंच, रात्रीचं एक चुकवायचं नाही. तोवर बाळाला मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं आणि पाश्चराइज (तापवून जंतुमुक्त) केलेलं दूध दिलं, त्याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका. मुंबईत सायन हॉस्पिटलला तर १९८९पासून ही सोय आहे, आपल्याकडे विचारतच नाही कुणी. आणि मेथीचे लाडू खा हवं तर, पण घरच्यांना म्हणावं बाटलीत किती आलं ते रोज विचारू नका.