‘काळी चार’मधली काळी कोण?

माझी मुलगी महिन्याभरापासून गाणं शिकायला जाते. परवा तिच्या बाईंनी सांगितलं, “तुझी पट्टी काळी चार.” घरी येऊन तिचा प्रश्न: सूर जर ‘तो’ सूर, तर ‘काळा चार’ का नाही? पेटीच्या काळ्या पट्ट्यांशी याचा संबंध आहे, एवढंच मला सांगता आलं. आणि ‘वरच्या पट्टीत बोलणं’ हेही यातलंच का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलंय, तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. ‘काळी’चं स्त्रीलिंग हाच या शब्दाचा जन्मदाखला आहे. पुढचं ‘पट्टी’ हे नाम बोलण्यात गळून गेलं, पण त्याचं लिंग विशेषणात राहिलं. आकडा मागून येतो तो ‘गल्ली नंबर चार’सारखा. चौथी काळी पट्टी, म्हणून काळी चार. पाश्चात्त्य नावाने जी शार्प.

मोजताना नवशिके हमखास चुकतात. सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात आणि दोन्हींची मोजणी वेगवेगळी होते. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन. इथे मध्ये काळी नाही, म्हणून लगेच पांढरी चार आणि तिच्यानंतर काळी तीन. मग पांढरी पाच, आणि तिच्या पुढची तुमच्या मुलीची काळी चार.

म्हणजे ही भाषा पेटीच्या आधीची असूच शकत नाही. हार्मोनियम पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ यांनी 1840 च्या दशकात घडवली, ती पायाने भाता मारायची. मांडी घालून बसून एका हाताने भाता मारता येईल अशी पेटी कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास बनवली. त्याआधी गायक आपला सा जिथे सुखाने लागेल तिथे तंबोरा जुळवायचा. आपला षड्ज, म्हणजे सा, मुळात फिरता, त्यामुळे शास्त्रातली स्वरांची नावं त्या जागेची उंची सांगतच नाहीत. ती सांगायची सोय पेटीच्या रंगांनी केली. मला या शब्दांचं अप्रूप आहे ते यासाठीच. शास्त्रकारांना विचारायला न जाता वाजवणाऱ्यांनी डोळ्यांना दिसलं तेच नाव ठेवलं.

आणि नाव टिकलं कसं, तेही बघा. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत होती. तरी शब्द काही हटला नाही. आज मंचावर पेटी नसली, साथीला सारंगी असली, तरी तंबोरा काळी एकलाच लावतात.

‘पट्टी’ हा शब्द स्वतः जुना, संस्कृत ‘पट्टिका’वरून आलेला. लांबट, अरुंद तुकडा. जखमेवरची पट्टी तीच, पेटीवरचीही तीच. पेटीवर बोट उजवीकडे सरकलं की सूर चढतो. ‘वरच्या पट्टीत बोलणं’ हे माझ्या मते थेट इथूनच आलं आहे, कारण उंचीचा अर्थ नुसत्या लाकडी तुकड्यात नाही, तो रांगेत लावलेल्या पट्ट्यांमध्येच आहे.

प्रतिसाद

तबल्याच्या बाजूने थोडी भर. आमच्याकडे तबला विकत घेतानाही आधी हेच विचारतात: काळी एकचा हवा की काळी चारचा? आकड्यावरून काळी चारचा तबला चढा वाटेल, पण असतो तो उलट, ढाला म्हणजे खालच्या सुराचा आणि मोठ्या तोंडाचा. पुरुष गायकाच्या काळी एकला साथ करणारा तबला त्याच्या सा च्या वरच्या सप्तकात बोलतो, बाईच्या काळी चारला मात्र तिच्याच सा शी जुळतो. तेव्हा मुलीसाठी तबलजी बोलवाल तेव्हा नुसतं “गाण्याला साथ हवी” असं सांगू नका, “काळी चार” म्हणा. तो त्या मापाचा तबला घेऊन येईल.