कानात शिट्टी: मोठ्या आवाजाची तुमची एक रात्र सांगा

स्लो लोकल

मार्च २०२५. महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा संगीत महोत्सव आणि रात्री शेवटी ग्रीन डे. बँड भारतात पहिल्यांदाच येत होता आणि मी शेहेचाळीस वर्षांचा झालो होतो. शाळेत असताना मित्राने त्यांची कॅसेट टेप करून दिली होती, ती त्याच्या ताईच्या लग्नाच्या कॅसेटवर. सुरुवातीची काही सेकंदं पुसायची राहिली, त्यामुळे आधी सनई आणि मग एकदम गिटार. तीस वर्षं माझ्या डोक्यात हा बँड सनईनंतरच सुरू होतो. रेसकोर्सवर सनई न होताच सुरू झाला तेव्हा क्षणभर चुकल्यासारखं वाटलं.

दुपारी तीनला आत गेलो, ही पहिली चूक. मार्चचं ऊन, पायाखाली धूळ, आणि एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजवर जाताना गुडघे बोलायला लागले. पण रात्री पहिला ठोका पडला आणि शर्टाच्या खिशातली चष्म्याची डबी थरथरायला लागली. डबीवर हात ठेवला तर हातही. आवाज कानाने ऐकायचा असतो हे मी त्या रात्रीपुरतं विसरलो. शेजारी विशीतली पोरं होती. त्यातल्या एकाने विचारलं, "अंकल, ओके ना?" अंकल ओके होते. अंकलना सगळे शब्द पाठ होते, त्याला अर्धेच.

मग महालक्ष्मी, दादरला बदलून कल्याण स्लो. गाडीत सगळं पाण्याखालून ऐकू येत होतं. घरी बायको दारातच काहीतरी म्हणाली, मी मान हलवली. ती "दूध फ्रीजमध्ये ठेव" म्हणाली होती, हे सकाळी कळलं. कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाजत होती.

तर तुमची अशी रात्र सांगा. बँड नामांकित असायलाच हवा असं नाही, कॉलेजच्या गॅदरिंगमधलाही चालेल. मिरवणुकीतल्या डीजेचे अनुभव मात्र इथे नकोत. त्यावर भांडणं होतात आणि मी रविवारी घरी नसतो.

गिरगावकर

आमची रात्र धोबी तलावची. रंगभवन. वर आकाश, खाली आम्ही. आय-रॉक, म्हणजे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव, १९८६ साली तिथेच सुरू झालं. मी गेलो ते पहिलं नव्हे, नंतरचं एखादं. रॉक मशीन हा बँड तेव्हा जोरात होता, पुढे त्यांनीच नाव बदलून इंडस क्रीड केलं. त्यांचं मोठेपण आज कळतं. लोकांना परदेशी बँडची ऐकलेली गाणी हवी असायची आणि ही मुंबईची मुलं स्वतःची रचलेली गाणी म्हणायची. आवडलं नाही तर पब्लिक सरळ ओरडायचं. आम्हीही ओरडलोय, आता कबूल करतो.

वडिलांना सांगितलं होतं, "रंगभवनात गाण्याला चाललोय." त्यांना वाटलं नाट्यसंगीत. सकाळी चहाला विचारलं, "कोण होतं?"

"मुंबईचेच आहेत."

"तयारी आहे का?"

"हो, तालाची जास्त."

ते समाधानाने पेपरकडे वळले. मला अर्धंच ऐकू येत होतं, पण संभाषण व्यवस्थित झालं.

दुसरी बाजूही सांगतो. एकदा अशाच कार्यक्रमाच्या रात्री माझी बहीण शेजारच्या कामा हॉस्पिटलात बाळंतपणाला होती. आई तिच्या उशाशी. मी रंगभवनात. आई नंतर म्हणाली, "रात्रभर कुणाची तरी वरात चालली होती मेली." ती वरात माझीच होती हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. एका अंगाला कामा, पलीकडे जी. टी. हॉस्पिटल, भिंतीला लागून झेवियर्स कॉलेज. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, हॉस्पिटल, शाळा, कोर्टाभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र झाले. रंगभवनाने पळून जायचं तरी कुठे? गप्प झालं. मला वाईट वाटतं, पण आईची बाजू घ्यावी लागते.

चिखलपाय

बेंगळुरू, पॅलेस ग्राउंड्स, ३० ऑक्टोबर २०११. मेटॅलिका. (हे हेवी मेटल, ग्रीन डेसारखं ऑल्टरनेटिव्ह रॉक नाही म्हणून कुणी नाक मुरडू नये, आवाजाचा धागा आहे.) दोन दिवस आधी गुडगावचा शो रद्द झालेला, त्यामुळे पुण्याहून रात्रीच्या बसमध्ये बसताना आपण नक्की कशाला चाललोय हेच ठाऊक नव्हतं. मैदानात चिखल. मी, मैत्रीण आणि तिचा भाऊ. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला गर्दीची लाट आली आणि माझा डावा बूट चिखलातच राहिला, पाय वर आला. वाकायची सोय नाही, वाकलं की संपलं. कुणीतरी मागून दोन्ही दंड धरून मला सरळ उभं केलं. मागे वळून बघेपर्यंत ते हात गर्दीत गेले होते. बाकीचा शो एका बुटावर. परतीच्या बसमध्ये कंडक्टर माझ्या पायांकडे बघून काही बोलला नाही, फक्त एक वर्तमानपत्र दिलं. पायाखाली घ्यायला.

एटीएमची रांग

माझी रात्र दोन तुकड्यांत आहे, मधे सात वर्षं. २००९ ला पॉर्क्युपाइन ट्री हा बँड पवईला आला, आयआयटीच्या मूड इंडिगो या कॉलेज महोत्सवाला. माझा दुसऱ्या दिवशी पेपर. होस्टेलच्या गच्चीवरून काही ऐकू येतं का बघायला गेलो होतो. माझं होस्टेल माटुंग्याला. आशा वेडी असते.

मग डिसेंबर २०१६, पुणे, एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव. त्याच बँडचा गायक स्टीव्हन विल्सन. नोटाबंदी होऊन महिनाही झाला नव्हता. सकाळी रांगेत उभं राहून दोन हजारांची एक गुलाबी नोट मिळाली होती आणि ती पुण्यात कुणीही मोडून देईना. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, ही फ्रेम करा." बराच रस्ता चालत गेलो. शो सुरू झाला आणि तासभर मी एका जागेवरून हललो नाही. सगळ्यात मोठा वाटला तो एका गाण्याच्या मधला थांबा. इतक्या आवाजानंतर सगळे वाजवायचे थांबले तेव्हा हजारो माणसं श्वास रोखून उभी होती आणि लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं. हसू आलं नाही कुणाला. पुढच्या ठोक्याला माझ्या डोळ्यांतून पाणी का आलं ते विचारू नका. नोट शेवटी सोमवारी पेट्रोल पंपावर मोडली.

करवीरकर

लंडनला शिकत होतो तेव्हाची गोष्ट, जून २००८. कॅम्डनमधलं राउंडहाउस. १८४७ मध्ये रेल्वेची इंजिनं फिरवायला बांधलेली गोल इमारत, आत लोखंडी खांब तसेच. माय ब्लडी व्हॅलेंटाइन हा बँड सोळा वर्षांनी पुन्हा स्टेजवर आला होता. दारातच इअरप्लग हातात दिले. मी खिशात टाकले. म्हटलं, आम्ही कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या मिरवणुकीत वाढलो, आम्हाला काय कापूस दाखवता?

तासभर ठीक होतं. गायिकेचा आवाज गिटारखाली इतका बुडवलेला की शब्द कळत नाहीत, नुसता सूर तरंगतो, तेच त्यांचं सौंदर्य. मग शेवटच्या गाण्याच्या मधे एकच एक सूर धरला आणि तो सोडेचनात. पाच मिनिटं. दहा मिनिटं. वीसच्या आसपास गेलं असेल. ताल नाही, चाल नाही, विमानाच्या इंजिनासमोर उभं केल्यासारखं. विजारीचे पाय वाऱ्याने हलावेत तसे हलत होते आणि वारा नव्हता. काही जण बाहेर निघाले, एक मुलगी खांबाला टेकून खाली बसली. सातव्या-आठव्या मिनिटाला माझा माज उतरला आणि मी खिसे चाचपायला लागलो. प्लग घातल्यावर गंमत झाली. त्या गोंगाटात आतल्या आत सूर ऐकू यायला लागले, कधी घंटा, कधी कोरस, जे कुणी वाजवत नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रजाने माझ्याकडे बघून मान डोलावली, बैठकीतले जाणकार डोलावतात तशी.

आमच्या पेठेतला ढोल माणसाला नाचवतो. हा आवाज जागच्या जागी उभा करतो. दोन्हींत डावं-उजवं करणार नाही.

कन्सोलमागे

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. चौदा वर्षं लाइव्ह साउंड करतोय. लोकांना वाटतं, आवाज वाढवणं हे साउंडवाल्याचं काम. आमचा अर्धा दिवस तो कमी करण्यात जातो. गिटारवाल्याचा अँप स्टेजवर फुल, म्हणून ड्रमरला स्वतःचं ऐकू येत नाही, तो जोरात मारतो. मग गाणारा मॉनिटरकडे, म्हणजे त्याच्या पायाशी त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरकडे, बोट दाखवून वर-वर करतो. प्रत्येकाला "अजून थोडा मी" हवा असतो. रिकाम्या मैदानात दुपारी साउंड चेक झक्कास होतो. संध्याकाळी तिथे माणसं भरली की वरच्या पट्टीचा आवाज ती पिऊन टाकतात आणि दुपारचं गणित गेलं.

मैदानात मागे उंच खांबांवर स्पीकर दिसतात ना? त्यांना मुद्दाम उशिरा वाजवावं लागतं. आवाज चौतीस मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग घेतो. स्टेजचा आवाज पोचायच्या आधी खांबावरचा वाजला तर मागच्यांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. हे नीट जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं तर साउंडवाल्याच्या घरच्यांची आठवण काढतात.

आणि रात्री दहा वाजता बंद, हे उघड्या मैदानाला लागू, परवानगीचे मोजके दिवस सोडून. नऊ पन्नासला एक हवालदार माझ्या मागे येऊन उभे राहतात. मी त्यांना आवाजाचं मीटर दाखवतो, ते मला घड्याळ दाखवतात. एकदा शेवटचं गाणं अर्ध्यात असताना नऊ अठ्ठावन्न झाले. मी मेन फेडर, म्हणजे सगळ्या आवाजाची मुख्य पट्टी, हळूहळू खाली घेतला. बँड थांबला नाही. स्पीकर बंद, नुसता स्टेजवरचा ड्रम, डबा वाजवल्यासारखा बारीक, आणि पुढचे तीनेकशे लोक शब्द म्हणतायत. हवालदारांनी घड्याळावरून नजर काढून स्टेजकडे बघितलं. "याला काही करता येत नाही ना?" म्हणाले. म्हटलं, नाही साहेब, याला बटण नाही.

एका कानाची

मजा सगळ्यांनी लिहिली, माझं थोडं वेगळं. २०१३, अंधेरीतला एक छोटा पब (नाव नको), मित्राचा बँड. उभं राहायला जागा उरली होती ती नेमकी डाव्या स्पीकरच्या तोंडाशी. दोन तास. सकाळी शिट्टी होती, ती सगळ्यांनाच असते. माझी गेली नाही.

मी गाणं शिकत होते. शिट्टीचा स्वर कुठला म्हणून पेटीवर शोधायला बसले. वर सरकत सरकत गेले, पट्ट्या संपल्या, ती त्याच्याही वर. तंबोरा लावला की थोडी झाकली जाते, म्हणून तंबोरा लावून झोपायची सवय लागली. डॉक्टरांनी समजावलं की कानाच्या आतल्या शंखात केसासारख्या पेशी असतात, त्या गेल्या की माणसात परत उगवत नाहीत. ८५ डेसिबल आठ तास चालतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे शंभरला पंधरा मिनिटं. आम्ही दोन तास होतो.

तरी जाते. मागे, मिक्सरच्या आसपास उभी राहते आणि प्लग घालते. कापसाचा बोळा नका घालू, त्याने फारसं काही होत नाही. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वरच्या बाजूने धरून वर ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. बाहेर लोंबत राहिला तर नुसता दागिना.

कन्सोलमागे

मिक्सरजवळच उभ्या राहा, सगळ्यात चांगलं तिथेच ऐकू येतं, कारण मी तिथलं ऐकूनच लावतो. फक्त बॅरिकेडवर बिअरचा ग्लास ठेवू नका. एकदा अख्खं कन्सोल प्यायलं आहे.

चिखलपाय

कान वर ओढायचा हे पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं दागिनाच घालत होते.

स्लो लोकल

चार प्लग मागवले, दोन मुलाला. त्याला पुढच्या महिन्यात कुठल्यातरी बँडला जायचंय, नाव मला उच्चारता येत नाही. "अंकल" म्हणणारं कुणी भेटलं तर वाईट वाटून घेऊ नको, असं मीच त्याला सांगणार होतो, मग लक्षात आलं की अंकल मी आहे.

गिरगावकर

वरचं वाचून मनावर घेतलं आणि परवा कान तपासून आलो. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. बारीक टूं ऐकू आलं की दाबायचं. मी भराभर दाबत होतो. ती मुलगी बाहेरून खुणा करायला लागली. आत आली, म्हणाली, "काका, मी अजून सुरूच केलं नाहीये."

मग केलं. कागदावरची रेघ डावीकडून बरी चालत येते आणि उजवीकडे जिना उतरावा तशी खाली जाते. तिने रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मोठ्या आवाजात काम केलंय का कधी? गिरणीत वगैरे?"

म्हटलं, "नाही गं, तिकीट काढून."